कारंज्याचा बाजार आणि साथीचे दिवस

साथीच्या रोगांचा इतिहास लिहिताना आपल्या डोळ्यांपुढे प्रथम रुग्णालये येतात, डॉक्टर येतात, स्मशाने आणि कबरस्थाने येतात. बाजार मात्र सहसा येत नाही. वास्तविक साथीची पहिली कसोटी लागते ती बाजारातच. माणूस घराचे दार लावून घेऊ शकतो, पोटाचे नाही. शाळा महिनाभर बंद ठेवता येते, देवळाला आणि देवालयाला कुलूप घालता येते, लग्न पुढे ढकलता येते. परंतु मीठ, पीठ आणि रॉकेल यांना पुढची तारीख देता येत नाही. म्हणून रोगाला भिणारा समाज आणि भुकेला भिणारा समाज हे दोघे समोरासमोर येतात ते बाजाराच्या ओट्यावर. त्या ओट्यावर कोणते नियम टिकले, कोणते मोडले आणि का मोडले, याचा शोध घेण्याचा हा अल्पसा प्रयत्न आहे. त्यासाठी आम्ही वऱ्हाडातील कारंजा लाड हे गाव निवडले आहे. या निवडीला एक सबळ कारण आहे.

कारंजा हे आजच्या वाशीम जिल्ह्यातील जुने व्यापारी गाव. श्रीनृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान म्हणून दत्तभक्तांना आणि जुन्या मंदिरांमुळे जैन बांधवांना ते परिचित आहे. येथील लाड व्यापाऱ्यांमुळे गावाच्या नावाला ‘लाड’ हा शब्द चिकटला असे सांगतात. गावाला तट होता आणि दिल्ली वेस, दारव्हा वेस, मंगरूळ वेस, पोहा वेस ही नावे अजूनही लोकांच्या तोंडी आहेत. गावाच्या नावामागची दंतकथा तर आपल्या विषयाशी थेट भिडते. करंज नावाचे एक ऋषी दुर्धर व्याधीने ग्रस्त झाले. त्यांनी अंबादेवीचा धावा केला. देवीने त्यांच्यासाठी तलाव निर्माण केला आणि त्यात स्नान करून ऋषी निरोगी झाले, अशी ही कथा इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरनेही नोंदवून ठेवली आहे. रोग आणि रोगमुक्ती यांच्या आठवणीवर ज्या गावाचे नाव उभे आहे, ते गाव पुढे प्रसिद्धीस आले ते मात्र कापसामुळे.

गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात, अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, मँचेस्टरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीला एकदम सोन्याचे मोल आले. त्या वेळी वऱ्हाड हा प्रांत हैदराबादच्या इंग्रज रेसिडेंटच्या कारभाराखाली होता. कापूस पिकवणारा शेतकरी बैलगाडी जुंपून पेठेत येई. परंतु पेठेत त्याचा माल त्याच्या हाती राहत नसे. भारतातील अनेक बाजारांत दलाल आणि व्यापारी रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवीत. ज्याचा माल, त्यालाच तो भाव कळत नसे. वजनात तूट, धर्मादायाच्या नावाने कपात, नमुन्याच्या नावाने मूठ मूठ कापूस काढून घेणे, हे सारे रीतीचे मानले जाई. या अंदाधुंदीला पहिला लगाम घातला गेला तो कारंज्यात. १८८६ साली हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकमान्वये कारंज्याचा कापूस बाजार नियंत्रित करण्यात आला. देशातील पहिला नियंत्रित बाजार म्हणून कृषिपणनाच्या पुस्तकांत त्याचाच उल्लेख होतो. पुढे १८९७ साली वऱ्हाडातील कापूस आणि धान्य बाजारांसाठी स्वतंत्र कायदा झाला. बाजाराची जागा ठरली, देखरेखीला समिती आली, दलाल आणि मापाडी यांना परवाने लागू झाले. १९२८ साली शाही कृषी आयोगाने वऱ्हाडची ही पद्धत नमुना म्हणून इतर प्रांतांपुढे ठेवली. आजच्या आपल्या कृषी उत्पन्न बाजार समित्यांचा वंशवेल असा कारंज्यापर्यंत जाऊन पोहोचतो.

वाचकांनी १८९७ हे साल लक्षात ठेवावे. त्याच वर्षी, ४ फेब्रुवारीला, हिंदुस्थान सरकारने साथरोग प्रतिबंधक कायदा मंजूर केला. एकाच वर्षी दोन कायदे: एक बाजाराला शिस्त लावण्यासाठी, दुसरा साथीला आवर घालण्यासाठी. दोन्ही परक्या सरकारचेच. तरी एकाला लोकांनी हळूहळू आपले म्हटले आणि दुसऱ्याच्या अंमलबजावणीने मुंबई-पुण्यात रक्त सांडले. असे का झाले, हा आमच्या मते या साऱ्या इतिहासातील खरा प्रश्न आहे.

प्लेगची पहिली खूण मुंबईत सापडली, तीही बाजारातच. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस यांनी गाठीच्या तापाचा रुग्ण पाहून हा प्लेग आहे असे निदान केले. गोव्यातील हडफडे येथे जन्मलेल्या या कॅथलिक डॉक्टरांचा पुतळा धोबी तलावाजवळ उभा आहे. मांडवी ही धान्याच्या वखारींची पेठ. वखारीत धान्य, धान्यावर उंदीर आणि वखारींच्या वर माणसांची दाटीची वस्ती. माणसे आजारी पडण्याआधी तेथे उंदीर मरून पडत होते; परंतु त्या मेलेल्या उंदरांचा अर्थ लावण्याचे शास्त्र तेव्हा हाती नव्हते. बातमी पसरताच पळापळ झाली. साडेआठ लाखांच्या आसपास वस्तीच्या शहरातून काही महिन्यांत निम्म्याच्या जवळपास लोक बाहेर पडले. गिरण्यांना कामगार मिळेनात, तेव्हा महिन्याचा पगार मागे ठेवण्याची जुनी रीत सोडून मालकांना रोजच्या रोज मजुरी मोजावी लागली. रोगाने बाजाराचा कायदा एका झटक्यात बदलला तो असा.

सरकारने मग बळाचा मार्ग धरला. मुंबईत जनरल गॅटेकर यांच्या प्लेग समितीने घरझडत्या सुरू केल्या. रेल्वेस्थानकांवर प्रवाशांची तपासणी होऊ लागली. पुण्यात वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या हाताखाली गोरे शिपाई देवघरापर्यंत शिरले, सामान रस्त्यावर जाळले गेले, स्त्रियांची तपासणी उघड्यावर झाली. २२ जून १८९७ च्या रात्री चाफेकर बंधूंनी रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या. त्याच पुण्यात त्याच वर्षी १० मार्चला सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता त्याच रोगाने गेल्या. घरात शिरलेला शिपाई आणि रुग्णाला उचलून नेणारी सावित्रीबाई, दोघांनाही रुग्णाला घरातून बाहेर काढायचे होते. लोकांनी एकाचा हात झिडकारला आणि दुसरीच्या हाती आपले लेकरू सोपवले. नियमाची अक्षरे तीच असली तरी तो पाळायला सांगणारा हात कोणाचा, यावर त्याचे यश ठरते, हा धडा त्या वर्षाने दिला.

एक उपाय मात्र सरकारला आणि रयतेला दोघांनाही पटला. तो म्हणजे गाव सोडणे. घरात उंदीर पडू लागले की लोक चूलबोळके घेऊन शेतात जात आणि कुडाच्या झोपड्या घालून राहत. गाव ओस पडे, पण माणूस वाचे. दुकानदारही आपली तागडी घेऊन झोपड्यांच्या मागे जाई. माळरानावर उघड्या हवेत भरणारा तो बाजार गैरसोयीचा होता खरा. परंतु वखारीच्या अंधारापेक्षा तो अधिक निरोगी होता. पुढे शास्त्रानेही या अडाणी समजल्या गेलेल्या शहाणपणाला दुजोरा दिला. १८९८ साली कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने दाखवून दिले की प्लेग उंदरावरच्या पिसवेमार्फत पसरतो. त्याचे म्हणणे सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षे लागली. तोवर गटारे धुणे, भिंतींना चुना फासणे, कार्बोलिक शिंपडणे यांवर अमाप पैसा आणि अमाप रोष खर्ची पडला होता. प्लेगने पुढच्या दोन दशकांत देशात सुमारे एक कोटी माणसे नेली. मुंबईत बांद्रा, गिरगाव अशा भागांत ईस्ट इंडियन कॅथलिकांनी त्या काळात उभारलेले क्रूस आजही रस्त्याच्या कडेला दिसतात. घराघरांची प्रार्थना त्या दगडांत साठवलेली आहे, याची जाणीव शेजारून जाणाऱ्या वाहनांना क्वचितच असते.

बाजार आणि रोग यांचा हा झगडा केवळ आपल्याच देशातला नव्हे. १५७६ साली मिलानमध्ये प्लेग आला तेव्हा महागुरू चार्ल्स बोरोमेओ यांनी चौकाचौकांत वेद्या उभारविल्या, म्हणजे घरात कोंडलेल्या लोकांना खिडकीतून मिस्सा पाहता यावी. त्यानंतर सुमारे अर्ध्या शतकाने फ्लॉरेन्समध्ये प्लेग शिरला. तेथील वाड्यांच्या भिंतींत द्राक्षरस विकण्यासाठी हातभर उंचीचे लहान झरोके होते. विक्रेता आत, गिऱ्हाईक बाहेर. पैसे हातात न घेता धातूच्या पळीवर घेतले जात आणि शिर्क्यात बुडवून मगच गल्ल्यात पडत. १६६५-६६ साली इंग्लंडमधील ईयम या खेड्याने तर स्वतःभोवती वेढा घालून घेतला. लंडनहून आलेल्या कापडाच्या गाठोड्यातून तेथे प्लेग आला असे मानतात. गावाबाहेर रोग जाऊ नये म्हणून पाद्री विल्यम मॉम्पेसन यांच्या सांगण्यावरून लोक हद्दीतच राहिले. हद्दीवरच्या दगडाला भोके होती. त्यांत शिर्का भरून त्यात नाणी ठेवायची आणि शेजारच्या गावाने आणून ठेवलेले अन्न न्यायचे, असा व्यवहार चालला. गावातील सुमारे अडीचशे माणसे दगावली, पण शेजारच्या गावांनी अन्न पोहोचवणे थांबवले नाही. पैसे मोजणारा आणि अन्न ठेवणारा यांचा एकमेकांवर विश्वास नसता, तर त्या दगडाचा काय उपयोग होता?

प्लेग ओसरतो न ओसरतो तोच १९१८ चा इन्फ्ल्यूएन्झा आला. जूनमध्ये तो मुंबई बंदरात उतरला, सप्टेंबरात अधिक क्रूर होऊन परतला आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात मध्य प्रांत व वऱ्हाडात त्याने थैमान घातले. देशातील सर्वाधिक मृत्युप्रमाण असलेल्या प्रांतांत याच प्रांताची गणना होते. संपूर्ण देशात सव्वा ते पावणेदोन कोटी माणसे गेली असावीत असे अभ्यासक मानतात. १९२१ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा किंचित घटलेली आढळली. ते महिने वऱ्हाडात ज्वारी काढणीचे आणि कापूस वेचणीचे. त्या वर्षी पाऊसही दगा देऊन गेला होता. घरातले धडधाकट हात अंथरुणाला खिळलेले, धान्य महागलेले, युद्धामुळे अनेक डॉक्टर परदेशी गेलेले. प्लेगच्या वेळी सरकार घरात घुसले होते. या वेळी ते दारातही फारसे दिसले नाही. लोकांच्या मदतीला आल्या त्या सेवाभावी संस्था, जातिजमातींचे दवाखाने आणि शेजारधर्म.

याच १९१८ साली न्यूयॉर्कमध्ये एक निराळा प्रयोग झाला. शहराचे आरोग्य आयुक्त रॉयल कोपलँड यांनी दुकाने सरसकट बंद केली नाहीत. त्यांनी दुकाने, कचेऱ्या आणि नाटकगृहे यांच्या उघडण्या-मिटण्याच्या वेळा वेगवेगळ्या ठरवून दिल्या, म्हणजे सारी गर्दी एकाच वेळी आगगाडीत कोंबली जाऊ नये. वेळ पसरली की माणसे पसरतात, इतके साधे हे गणित होते. ते गणित शंभर वर्षांनी आपल्याला पुन्हा मांडावे लागले.

९ मार्च २०२० रोजी पुण्यात महाराष्ट्रातील पहिले कोविड रुग्ण सापडले. त्याच आठवड्यात राज्याने जुन्या पेटीतून १८९७ चा तोच साथरोग कायदा बाहेर काढला. २२ मार्चला जनता संचारबंदी झाली आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली. वऱ्हाडातील बऱ्याच शेतकऱ्यांचा कापूस त्या वेळी घरातच पडून होता. खरेदी थांबली. एप्रिलनंतर ती सुरू झाली तेव्हा बाजार समित्यांकडे नोंदणी, क्रमांक आणि दिवसाला ठराविकच गाड्या अशी नवी रीत आली. ज्या बाजाराने १८८६ साली वजनाला आणि भावाला शिस्त लावली, त्याच परंपरेतील समित्यांवर आता माणसामाणसांतील अंतराला शिस्त लावण्याची पाळी आली. उन्हाळ्यात ताटकळलेल्या शेतकऱ्याला ही शिस्त सोपी नव्हती. घरातील कापसाला आग लागण्याची धास्ती, पुढच्या पेरणीला बियाण्याचे पैसे नाहीत आणि क्रमांक मात्र दूरचा.

शहरांतील सुपरमार्केटांनी आपली सोय लवकर लावली. दारावर ताप मोजणारा माणूस, हातावर जंतुनाशकाचे दोन थेंब, आत एका वेळी मोजकीच गिऱ्हाइके, गल्ल्यापुढे पारदर्शक पडदा आणि जमिनीवर उभे राहण्याच्या खुणा. ऑस्ट्रेलियात वूलवर्थ्स या दुकानांनी १७ मार्च २०२० पासून सकाळचा पहिला तास वृद्ध आणि अपंग यांच्यासाठी राखून ठेवला. सुपरमार्केटची सारी कल्पनाच मुळी गिऱ्हाइकाने स्वतः हाताळून माल निवडण्यावर उभी आहे. साथीने नेमका त्या हातावरच संशय घेतला. उलट आपल्या गावातले किराणा दुकान हे जुन्या पद्धतीचे. तेथे फळीपलीकडे दुकानदार, अलीकडे गिऱ्हाईक. त्याने दारात दोरी बांधली, रस्त्यावर चुन्याची वर्तुळे आखली, मोबाइलवर यादी मागवली आणि पुडके बांधून ओट्यावर ठेवले. फ्लॉरेन्सचा झरोका आणि ईयमचा दगड यांची आठवण या दोरीपाशी आम्हांला झाली. भाजीबाजार अनेक गावांत अरुंद गल्लीतून मोकळ्या मैदानावर हलवले गेले, जणू प्लेगकाळातील माळरानावरचा बाजार पुन्हा भरला. महिला बचत गटांनी मास्क शिवले आणि त्यातून कित्येक घरांची चूल पेटती राहिली.

तरीही सारेच नियम शहाणे नव्हते. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावती विभागात रुग्णसंख्या पुन्हा चढली आणि विदर्भाच्या या पट्ट्याने दुसऱ्या लाटेची पहिली चाहूल राज्याला दिली. एप्रिलमध्ये किराणा आणि भाजीची दुकाने सकाळी सात ते अकरा एवढीच उघडी ठेवण्याचा आदेश राज्यभर निघाला. हेतू चांगला होता. परंतु दिवसभराचे गिऱ्हाईक चार तासांत आले की ते एकमेकांना खेटूनच उभे राहणार. कोपलँड यांनी वेळ पसरवून गर्दी विरळ केली होती. आपण वेळ आवळून ती दाट केली. शिवाय ज्याच्या घरी शीतकपाट आणि महिन्याचा पगार, त्याने एकदाच पिशवी भरून नेली. ज्याची रोजची मजुरी आणि रोजचे पीठ, त्याला रोज त्या गर्दीत उभे राहावे लागले. भाजी विकणारी बाई तर अकरा वाजता उरलेली मेथी घेऊन घरी परतली. नियम सर्वांना सारखा होता, त्याचा भार मात्र सारखा नव्हता.

शास्त्राचीही प्लेगकाळासारखीच फरपट झाली. प्रारंभी आपण भाज्या धुतल्या, नोटा इस्त्रीखाली घातल्या, पिशव्या उन्हात टांगल्या. पुढे स्पष्ट होत गेले की धोका वस्तूंपेक्षा बंद जागेतील श्वासातून अधिक आहे. म्हणजे पिशवी धुण्यापेक्षा खिडकी उघडणे महत्त्वाचे होते. यात कोणाला हसण्याचे कारण नाही. अपुऱ्या ज्ञानावर नियम करावेच लागतात. मात्र ज्ञान वाढले की नियम बदलण्याचा मोकळेपणाही हवा. तो १८९८ मध्ये नव्हता आणि २०२० मध्येही पुरेसा नव्हता.

‘सामाजिक अंतर’ या शब्दाबद्दलही येथे लिहिले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२० मध्येच ‘शारीरिक अंतर’ असा शब्द सुचवला होता, पण आपल्याकडे पहिलाच रुजला. ज्या समाजात शतकानुशतके काही माणसांना पाणवठ्यापासून आणि ओट्यापासून दूर ठेवले गेले, ज्यांच्या हातावर पैसे वरून टाकले गेले, त्या समाजात या शब्दाचा जुना व्रण अजून ओला आहे. ईयमच्या दगडावर नाणी ठेवणारा शेजाऱ्याला वाचवत होता. शिवाशिवीने नाणी वरून टाकणारा शेजाऱ्याला हिणवत होता. दोघांच्या हातांमधले अंतर मोजपट्टीने कदाचित सारखेच भरेल. हा भेद ओळखणे हे केवळ डॉक्टरांचे काम नाही. ते आपल्यासारख्या श्रद्धावंतांचेही काम आहे.

आता आपण आधी विचारलेल्या प्रश्नाकडे वळू. १८९७ च्या दोन कायद्यांपैकी बाजाराचा कायदा का रुजला आणि साथीचा का नाही? आमच्या मते उत्तर असे आहे: कारंज्याच्या बाजारात नियम आला तो दुबळ्याच्या बाजूने. शेतकऱ्याला भाव उघड कळला, माप खरे झाले. नियम पाळण्यात त्याचे हित होते आणि ते त्याला दिसत होते. पुण्यात नियम आला तो दुबळ्यावर चाल करून. त्यात कदाचित त्याचे हित असेलही, परंतु ते त्याला कोणी दाखवले नाही, विचारले तर नाहीच. २०२० मध्येही जेथे नियमाने वृद्धाला पहिला तास दिला, भाजीवालीला मैदान दिले, बचत गटाला काम दिले, तेथे तो पाळला गेला. जेथे त्याने फक्त काठी दाखवली, तेथे शिपायाची पाठ फिरताच तो मोडला.

महाराष्ट्रात कोविडने अधिकृत नोंदीनुसार १ लाख ४८ हजारांवर माणसे नेली. त्यांत आपल्या धर्मग्रामांतील आप्तही होते, ज्यांना आपण खांदाही देऊ शकलो नाही. चुन्याची वर्तुळे पहिल्या पावसात धुऊन गेली. जंतुनाशकाच्या बाटल्या कोरड्या पडल्या. भाजीच्या गाडीवर लटकलेला मोबाइलने पैसे देण्याचा चौकोनी फलक तेवढा कायम राहिला. कारंज्याला कापूस वाहणारी शकुंतला ही अरुंद रुळांची गाडीही काही वर्षांपासून थांबली आहे. बाजार मात्र चालू आहे.

आपल्या भाषेत रोगाच्या फैलावालाही ‘साथ’ म्हणतात आणि सोबतीलाही ‘साथ’च म्हणतात. पुढची साथ येईल तेव्हा, आणि ती येईलच, नियमांचा कागद तयार करणाऱ्यांनी आधी कारंज्याच्या ओट्यावर बसून विचार करावा: या नियमाने सर्वांत मागे उभ्या असलेल्या माणसाचे माप खरे होते की खोटे? आणि आपण, जे त्या रांगेत उभे असू, त्यांनी आपल्या मागे कोण उभे आहे हे एकदा वळून पाहावे.